चार श्वासांनंतर

सेमोंकाँगच्या दवाखान्यात डॉक्टर महिन्यातून एकदा येतो,
तोही घाटात बर्फ नसेल तर.
म्हणून नर्स लिकेलेली माझ्या मांडीवर टॅबलेट ठेवते,
टोपी काढून हेडफोन चढवते,
आणि खुणेनं सांगते: तुमची तपासणी तुम्हीच करायची, न्ताते.
ऐकू आलं की बोट टेकवा.
नाही आलं, तर नका टेकवू.
एवढंच.
ती दार ओढून घेते. दार लागल्याचं मला
भिंतीवरच्या कॅलेंडरच्या हलण्यातून कळतं.

एवढंच म्हणे.

वेलकॉमच्या खाणीत एकोणीस वर्षं मी ड्रिल धरलं.
दर वर्षी ती काचेची पेटी,
आत एक माणूस, माणसाच्या हातात एक बटण.
नापास झालास तर लिफ्टनं वर, मग बस, मग सरहद्द, मग घर.
घरी मेंढ्या सात, आणि खाणारी तोंडं नऊ.
जुन्या गड्यांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं:
शिटी दर चार श्वासांनी येते.
कानांना राहू दे बाजूला. श्वास मोज.
एक, दोन, तीन, चार, दाब.
एक, दोन, तीन, चार, दाब.
साहेब खूश. म्हणायचा, मोखेथी, सशाचे कान आहेत रे तुझे!
मी हसून मान हलवायचो,
आणि तो काय म्हणाला ते
बराकीत गेल्यावर दुसऱ्याला विचारायचो.

आज पुन्हा बोट आपोआप मोजायला लागलं.
पण ह्या टॅबलेटला कसली पाळीच नाही.
वाटेल तेव्हा वाजतो, वाटेल तितका गप्प बसतो.
माझ्या चार श्वासांवर गोल बाण उगवला:
पुन्हा करा.
पुन्हा केलं.
पुन्हा बाण.

मग कोपऱ्यातली पट्टी लाल झाली.
खोलीत गोंगाट आहे, थांबा.
कसला गोंगाट?
उठून खिडकीशी गेलो.
गडग्याला बांधलेलं कुणाचं तरी शिंगरू
मान ताणून, दात दाखवून आकाश फाडत होतं.
मी हातभर अंतरावर उभा.
टॅबलेटला ऐकू आलं ते. मला नाही.

परत येऊन बसलो. पट्टी हिरवी झाली.
बोट मांडीवर उताणं ठेवलं, मेलेल्या किड्यासारखं.
फसवायचं कुणाला? नापास झालो
तर पाठवणार कुठे? घरीच तर आहे.
मग आयुष्यात पहिल्यांदा
ऐकू न आल्यावर काहीही केलं नाही.
फार वेळ काहीही केलं नाही.
कानात ड्रिल चालू होतं, अजून, बिनपगारी.
त्याच्या मागे एकदा घुबडासारखं काही घुमलं.
तेवढ्याला टेकवलं.

लिकेलेलीनं रेघ दाखवली.
पठारावरून चार पावलं नीट चालते
आणि मग आमच्या मालेट्सुन्यानेच्या धबधब्यासारखी
सरळ खाली.
बारीक आवाज इथे राहतात, ती म्हणाली असावी,
बोट तळाशी होतं.

तिथे काय काय पडलंय ते मला ठाऊक आहे.
माझ्या बायकोचं नाव केनेहेलो.
आमच्या बोलीत त्यातला 'के' टाळ्याला जीभ चिकटवून
टक्कन सोडावा लागतो, बाटलीचं बूच निघावं तसा.
मी हाक मारतो तेव्हा तो टक् माझ्याच कवटीत वाजतो.
तिची बहीण मारते तेव्हा
नाव मुंडकं नसल्यासारखं येतं.

घरी आलो. ती चुलीशी शेण्या मोडत होती.
तिच्या गालाला, जबड्याच्या हाडापाशी, बोट लावलं.
म्हटलं, बोल.
काय बोलू?
काहीही. मोठ्यानं नको.
माझ्याकडे बघत राहिली, चढण उतरताना मी डोकं आपटून घेतलंय की काय,
आणि मग बोलत सुटली. घोड्याचं, मिठाचं, जावयाचं बहुतेक.
हाडात एक टक् आला.
मी बोट उचललं, परत टेकवलं.
बराच वेळ काही नाही.
श्वास मोजले नाहीत.